'ऑर्डिनरी' म्हणजे कमी महत्त्वाचा?



पेंटेकॉस्टनंतर वेदीवर हिरवा रंग दिसू लागतो. इंग्रजी मिस्सेच्या पुस्तकात या काळाला 'ऑर्डिनरी टाइम' म्हटले आहे. आपण मराठीत 'सामान्य काळ' म्हणतो. नाव ऐकून वाटते, नाताळ झाला, ईस्टर झाला, आता विशेष काही नाही. रविवारी बाकेही थोडी रिकामी दिसतात. म्हणून आज आपण या 'ऑर्डिनरी' शब्दाचा मुळापासून विचार करू या.

हे विशेषण लॅटिन भाषेतील 'ऑर्डिनारियुस' या शब्दावरून आले. त्याच्या मुळाशी 'ऑर्डो' हा शब्द आहे. ऑर्डो म्हणजे रांग, क्रम, व्यवस्था. सैनिकांच्या रांगेला व ओळीने लावलेल्या झाडांनाही रोमन लोक ऑर्डो म्हणत. पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमवाचक संख्यांना इंग्रजीत 'ऑर्डिनल' म्हणतात आणि गुरुदीक्षेला 'ऑर्डिनेशन'. हे सारे शब्द एकाच कुटुंबातले. म्हणजे 'ऑर्डिनरी' याचा मूळ अर्थ 'क्रमाला धरून असलेला' असा आहे. जे रोज क्रमाने घडते त्याचे नवल वाटत नाही, म्हणून पुढे 'साधा' हा अर्थ रूढ झाला.

ख्रिस्तसभेने जुना अर्थ जपला आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यात धर्मप्रांताच्या बिशपांना 'ऑर्डिनरी' म्हणतात. पवित्र कम्युनियन देणारे बिशप, धर्मगुरू व डीकन हे 'ऑर्डिनरी मिनिस्टर' असतात. गरजेनुसार नेमलेले प्रापंचिक सेवक हे 'एक्स्ट्राऑर्डिनरी', म्हणजे नेहमीच्या क्रमाबाहेरचे. इथे पहिला शब्द कमीपणाचा नाही आणि दुसरा बढतीचा नाही.

सामान्य काळाचेही तसेच आहे. हा काळ वर्षातून 33 किंवा 34 आठवडे असतो. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर तो सुरू होतो, राखेच्या बुधवारी थांबतो आणि पेंटेकॉस्टनंतर पुन्हा सुरू होऊन आगमनकाळापर्यंत चालतो. त्याचे रविवार आपण क्रमांकाने मोजतो. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, असे शुभवर्तमान या रविवारी क्रमाने ऐकतो. एक रविवार चुकवला, तर त्या ओळीतले एक रोप गळते.

येशूने कार्यास आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे संत लूक सांगतो (लूक 3:23). त्याआधीची बहुतेक वर्षे नाझरेथच्या घरात, सुताराच्या कामात गेली. त्या वर्षांतल्या चमत्कारांची नोंद शुभवर्तमानात नाही. तरी तारणाचे कार्य तिथेही चालूच होते.

पहाटे डबा करणारी आई, लोकलने कामावर जाणारे वडील, आजीला वेळेवर औषध देणारी नात, यांची कामे कोणी मोजत नाही. पण घराचा 'ऑर्डो' त्यांच्यावरच उभा असतो. या आठवड्यात आपले असे एक रोजचे काम निवडू या आणि ते सुरू करण्यापूर्वी क्रुसाची खूण करून प्रभूला अर्पण करू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.