लक्ष नसते की लागत नाही?

‘लक्ष नसते’ हा शेरा माझ्या धाकट्या भावाच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी असतो. आमच्या घरात शिकलेले कोणी नाही. त्यामुळे शेरा म्हणजे निकालच! मानसशास्त्र शिकताना मला एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, हे नाव भेटले. भावाला ती आहेच असे मी म्हणत नाही. ते तज्ज्ञांनी ठरवावे.

१९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली, पण त्यांना त्यात नैतिक संयमाची उणीव दिसली. आज निदानासाठी लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी लागतात. एकाच तासाला कंटाळणारा मुलगा यात बसत नाही. गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी मात्र बसू शकते. तिची तक्रार कोणी करीत नाही, म्हणून ती निसटते.

आपल्याकडे अशा मुलाला शेवटच्या बाकावर धाडतात. तेथून फळा दूर, आणि मध्ये सारा वर्ग हलत असतो! त्याला पहिला बाक द्यावा. एका वेळी एकच सूचना सांगावी. दहा गणिते एकदम न देता आधी तीन द्यावीत, मग फळा पुसायला उठवावे आणि पुढची तीन द्यावीत.