बेयसचे प्रमेय : सूत्राआधी माणसं मोजा
शिक्षक मित्रांनो, पालकहो, इंजिनिअरिंगची मुलं बेयसचे प्रमेय पाठ करतात, पण अर्थ निसटतो. म्हणून फळ्यावर आधी हे उदाहरण घ्या.

समजा, एक आजार १००० जणांत एकालाच आहे. तपासणी त्या रुग्णाला नक्की पकडते. पण निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर आजार असण्याची संभाव्यता किती? मुलं पटकन म्हणतात, ‘९५ टक्के!’

आता मोजा. निरोगी ९९९, त्यांतले सुमारे ५० पॉझिटिव्ह. अधिक एक खरा रुग्ण. एकूण ५१ रिपोर्ट, त्यांत आजारी एकच. म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी!

उद्या लक्षणं नसताना घरात असा रिपोर्ट आला, तर घाबरायचं नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासायचं. हे उमगलं, की सूत्र आपोआप लक्षात राहतं.