मुलांचे वजन व घरची पूर्वपीठिका

वर्गातील एखादे मूल हडकुळे दिसले की ते पोटभर जेवत नसावे, आणि एखादे गुबगुबीत दिसले की ते अतोनात खात असावे, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज अपुरा होय. सहा वर्षांचे मूल पहिलीत दाखल होते तेव्हा त्याच्या शरीराचा इतिहास जवळजवळ सात वर्षांचा असतो. मातेच्या उदरातील नऊ महिने त्यात धरावेच लागतात.

पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत आरंभिलेला अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. तेथील मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, तर गरोदरपणापूर्वीचे वजन अवघे ४२ किलोंच्या आसपास होते. अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. यात नवल नाही. नवल हे की, पुण्याकडील अर्भकांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून कृश, परंतु आत चरबीचा वाटा अधिक, अशी ही शरीरयष्टी जन्मतःच घडलेली होती.

ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध वारंवार येत असे, त्यांची अर्भके आकाराने मोठी आढळली. केवळ अन्नाच्या एकंदर प्रमाणाशी तसा संबंध दिसून आला नाही. गरोदरपणीच्या कष्टांचा भारही अर्भकाच्या वजनावर पडलेला दिसला.

हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतील ४८ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के तरुणांच्या व १८ टक्के तरुणींच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेली होती. ‘बारीक आहे, म्हणजे काटक आहे’ हे गावोगावचे मत येथे टिकत नाही.

मग शाळेच्या वयाचे महत्त्व काय? त्याचे उत्तर दिल्लीतील एका अभ्यासात सापडते. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. जन्मापासून वेळोवेळी मोजमाप ठेवलेल्या मुलांची सव्वीस ते बत्तीस या वयात तपासणी झाली. ज्यांना मधुमेह वा त्याची पूर्वावस्था जडली होती, ते दोन वर्षांचे होईपर्यंत सामान्यतः बारीक होते. पुढे मात्र उंचीच्या मानाने त्यांचे वजन झपाट्याने वाढत गेले. बाराव्या वर्षी यांतील एकही स्थूल नव्हता! म्हणजे एका दिवसाच्या वजनाने काहीच कळले नसते. वाढीची चाल पाहिली असती तरच कळले असते.

कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीचाही प्रभाव असतो, पण तो सर्वत्र एकाच दिशेचा नसतो. युरोप-अमेरिकेतील संपन्न देशांत स्थूलता गरीब घरांत अधिक आढळते. आपल्या देशात ती शहरांत व सधन घरांत अधिक आहे. यास्तव गरिबीत वाढून पुढे सुबत्ता आलेल्या घरातील मुलाकडे विशेष लक्ष असावे. ‘लुकड्या’, ‘ढोल्या’ अशी नावे वर्गात रूढ होऊ देणे तर सर्वथा गैर. ज्या गोष्टीचा पाया मुलाच्या जन्मापूर्वी घातला गेला, तिचा दोष त्याच्या माथी मारण्यात न्याय नाही.

शिक्षकाने वजनाबरोबर उंचीही घ्यावी. उंचीवाचून वजनाचा अर्थ लागत नाही. काटा सपाट फरशीवर ठेवावा, पादत्राणे काढावीत, खिसे रिकामे करवावेत. दरवर्षी शक्यतो एकाच महिन्यात मोजमाप करून मागील वर्षाच्या आकड्याशेजारीच नवा आकडा लिहावा, व तो इतर मुलांसमोर मोठ्याने वाचू नये. अंगणवाडीतून मुलाचे वाढपत्रक मिळत असेल तर ते मागवून नोंदीस जोडावे. ज्याची चाल एकाएकी बदललेली दिसेल, त्याचे नाव शाळेत तपासणीस येणाऱ्या वैद्यकीय पथकास स्वतंत्रपणे कळवावे.