टिकाऊ नको, टाकाऊच बरं!

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

आमच्या घरी बंड्या नावाचा ससा आहे. मी होस्टेलला आल्यापासून त्याचं सगळं आईच बघते. मागच्या दिवाळीला घरी जाताना मी त्याच्यासाठी कुरतडायचं एक खेळणं नेलं. रंगवलेला लाकडी दांडा आणि त्याला रबरी चेंडू. "एकदम टिकाऊ आहे," दुकानदार म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी अर्धा चेंडू गायब! रात्री बंड्याने गवताला तोंड लावलं नाही, सकाळी पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "सशाला उलटी करता येत नाही. गिळलेलं पुढे सरकलं तर ठीक, नाहीतर आतच अडकतं." दोन दिवस कातडीखाली सलाईन, औषधं, आणि बंड्या वाचला. पण खेळणं आणलं मीच होतं ना...

त्या सुट्टीत मी सबमिशन सोडून सशाच्या दातांचा अभ्यास केला. तो थोडक्यात असा.

सशाला २८ दात असतात. त्यातले ६ पुढचे, बाकी २२ दाढा. वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात लपलेले असतात. उंदराला ते नसतात. या आणि अशा फरकांमुळे १९१२ साली सशांना उंदीर-खारींच्या गटातून काढून वेगळा गट दिला गेला. पुढच्या दातांना आम्ही शाळेत 'इन्सायझर' म्हणायचो. आई म्हणाली, "अगं, पटाशीचे दात!" पटाशी म्हटल्यावर मला फर्स्ट इयरचं कार्पेंटरी शॉप आठवलं आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. या दातांच्या पुढच्या बाजूला कठीण इनॅमलचा जाड थर असतो, मागे त्याहून मऊ डेंटिन. मऊ भाग आधी झिजतो, म्हणून धार आपोआप राहते. आपल्याला मात्र पटाशी दगडावर घासावी लागायची!

हे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात, जन्मभर. दाढासुद्धा वाढतच असतात. मला वाटायचं, खेळणं दिलं की दात झिजले. पण दाढा झिजतात त्या मुख्यतः गवत चावताना. गवतात सिलिका असते आणि ससा जबडा आडवा फिरवून ते दळतो. त्यामुळे वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवंच. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, मोठ्या सशाला तो रोज नको. खेळणं हे गवताच्या जोडीला, कंटाळा घालवायला आणि चार्जरची वायर वाचवायला!

मग खेळणं कसं निवडायचं? माझी एकच टेस्ट आहे: हे गिळलं तर चालेल का?

चालेल: साधा पुठ्ठा (चिकटपट्टी, पिना आणि चकचकीत छपाई काढून), कागदी रोलच्या नळीत कोंबलेलं गवत, तुतीच्या फांद्या पानांसकट, फक्त झाडावर औषध फवारलेलं नसावं.

चालणार नाही: प्लास्टिक, रबर, फोम, गालिच्याचे तुकडे, रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड. प्लाय आणि एमडीएफसुद्धा नको, त्यात गोंद असतो. म्हणजे वर्कशॉपमधले उरलेले तुकडे घरी नेऊ नका! पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या ओल्या फांद्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कण्हेर तर पूर्ण विषारी.

आणि एक गोष्ट पाठच करा. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. लगेच डॉक्टर गाठायचा.

आपल्याला इथे चार वर्षं शिकवतात की वस्तू तुटू नये अशी बनवा. सशाचं खेळणं मात्र तुटण्यासाठीच असतं. जे टिकतं ते त्याच्या उपयोगाचं नाही, आणि जे टिकत नाही ते पोटात गेलं तरी त्रास व्हायला नको. शाळेत क्राफ्टच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' करायचो, इथे ते उलटं आहे एवढंच.

यंदा घरी जाताना दुकानात गेलेच नाही. रूमवर आलेल्या पार्सलचा एक खोका नेला, चिकटपट्टी सोलून, आत गवत भरून. बंड्याने अर्ध्या तासात त्याचा भुगा केला. आई म्हणाली, "केर कोण काढणार?"

मी मुकाट्याने झाडू घेतला.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल