खेळण्यातला लेसर आणि वाहनचालकाचे डोळे

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाच्या डोळ्यांना काही झालेले नव्हते. त्याने रात्री गच्चीवरून हिरव्या लेसरचा झोत रस्त्यावरच्या एका मोटारसायकलस्वाराच्या तोंडावर मारला होता. तो पडता पडता सावरला आणि वर येऊन भांडला. ‘‘डॉक्टर, एवढ्याशा खेळण्यानं खरंच काही होतं का?’’ वडिलांनी विचारले. हा प्रश्न अनेक पालकांना पडत असेल.

टॉर्चचा प्रकाश दूर जाताना पसरतो आणि मंद होतो. लेसरचा झोत मात्र फार थोडा पसरतो. हातातल्या लेसरचा बारीक ठिपका एक किलोमीटरवर साधारण एक मीटर रुंद होतो. तिथेही तो डोळे दिपवू शकतो. त्यातही हिरवा रंग आपल्या डोळ्यांना अधिक तेजस्वी दिसतो. तेवढ्याच शक्तीच्या लाल लेसरपेक्षा हिरवा कितीतरी जास्त त्रासदायक ठरतो.

मी त्या मुलाला अंधाऱ्या खोलीत बसवले, तपासणीच्या साध्या दिव्याने डोळे तपासले आणि लगेच समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगितली. ‘‘दिसतच नाहीत, नुसता डाग दिसतोय,’’ तो म्हणाला. रात्री बाहुली मोठी झालेली असते आणि डोळा अंधाराला सरावलेला असतो. त्यामुळे काही सेकंद दिसत नाही, नंतरही डाग तरंगत राहतो. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन तीन सेकंदांत 50 मीटर जाते. तेवढे अंतर चालक आंधळेपणाने कापतो.

विमान उतरत असताना धोका आणखी मोठा असतो. वैमानिकाची नजर धावपट्टीच्या दिव्यांवर असते. झोत काचेवर पडला की तिच्यावरच्या बारीक ओरखड्यांमुळे प्रकाश विखुरतो आणि समोरचे दिसेनासे होते. अमेरिकेत 2023 या एका वर्षात अशा 13 हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. तिथे या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ब्रिटनने 2018 च्या कायद्याने विमानांबरोबर वाहनचालकांनाही असेच संरक्षण दिले. पुणे पोलिसांनीही 2024 च्या गणेशोत्सवात लेसर झोतांवर बंदी घातली होती.

जवळून डोळ्यात गेलेला शक्तिशाली झोत दृष्टिपटल जाळू शकतो. ही इजा बहुधा दुखत नाही, पण नजर कायमची अधू होऊ शकते. शिक्क्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त शक्तीचे लेसरही बाजारात मिळतात. म्हणून हे साधन मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये.

वाहन चालवताना झोत आलाच तर त्याच्या उगमाकडे पाहू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, हळूहळू वेग कमी करा आणि गाडी बाजूला थांबवा. डोळे चोळू नका. दृष्टी पूर्ण स्वच्छ झाल्यावरच निघा. डाग किंवा अंधुकपणा काही तासांनंतरही राहिला, तर घरगुती उपाय न करता नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटल तपासून घ्या.

त्या मुलाला मी एवढेच विचारले, ‘‘तुला अक्षरं दिसत नव्हती तेव्हा तुझे बाबा गाडी चालवत असते तर?’’ घरोघरच्या पालकांनीही आपल्या मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा.