स्वमग्न मुलांची दृष्टी : तपासणी लांबवू नका

मुलाला नीट दिसते की नाही, हे आपल्याला बहुधा त्याच्याच तोंडून कळते. "फळ्यावरचे दिसत नाही," असे ते घरी येऊन सांगते आणि मग आपण त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो. परंतु जे मूल बोलत नाही, किंवा बोलले तरी स्वतःचा त्रास शब्दांत सांगू शकत नाही, त्याचे डोळे कोणी तपासायचे? स्वमग्न मुलांच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पालकांना त्याविषयी थोडी माहिती व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीतील एक वेगळी अवस्था होय. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. ही करणी नव्हे, कोणाचा शाप नव्हे आणि आईच्या संगोपनातील उणीवही नव्हे. अशा मुलांना इतरांशी संवाद साधणे कठीण जाते. काही ठरावीक हालचाली ती पुन्हा पुन्हा करतात. आवाज, उजेड, स्पर्श यांचा काहींना फार त्रास होतो, तर काहींना त्यांचेच विलक्षण आकर्षण असते.

खरी अडचण येथूनच सुरू होते. स्वमग्न मूल नजरेला नजर देत नाही. ज्या मुलाला कमी दिसते तेही देत नाही. स्वमग्न मूल वस्तू डोळ्यांजवळ धरून किंवा मान तिरकी करून पाहते. मोठा नंबर असलेले किंवा तिरळे मूलही तसेच पाहते. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी तयार केली आहे. तीतही शून्यात एकटक पाहणे, हलत्या वस्तूमागे नजर न फिरणे आणि पाहण्याची वेगळी पद्धत ही लक्षणे दिलेली आहेत. म्हणजे एकच लक्षण स्वमग्नतेचे असू शकते, डोळ्यांच्या दोषाचे असू शकते किंवा दोहोंचेही असू शकते. "तो तसाच आहे" असे म्हणून आपण सोडून दिले, तर डोळ्यांचा दोष तसाच दडून राहतो. उलट, केवळ दृष्टी कमी असलेल्या मुलाला स्वमग्न ठरविले जाण्याचाही धोका असतोच.

स्वमग्न मुलांत चष्म्याचा नंबर, तिरळेपणा आणि आळशी डोळा हे दोष इतर मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. यातील आळशी डोळ्याचा दोष वेळ पाहत नाही. एका डोळ्याला अंधुक दिसत असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र स्वीकारणे हळूहळू सोडून देतो. साधारणपणे सात वर्षांच्या आत चष्मा लावला किंवा चांगल्या डोळ्यावर ठरावीक काळ पट्टी बांधली, तर दृष्टी सुधारण्याची शक्यता बरीच असते. पुढे ती कमी होत जाते. मूल बोलू लागेल, मग तपासू, असे म्हणत थांबणे म्हणूनच परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट आहाराची. काही स्वमग्न मुले दोन-चारच पदार्थ खातात. पांढरा भात आणि बिस्किटे यापलीकडे ती काहीच तोंडात घेत नाहीत. अशा मुलांत 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता होऊन रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळाला कायमची इजा होते. संध्याकाळनंतर मूल अडखळू लागले किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस शासनातर्फे नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दिला जातो. मूल रडते म्हणून तो चुकवू नये. मात्र जादा डोस आपल्या मनाने देऊ नये. त्याचाही अपाय होतो.

"आमचे मूल अक्षरे ओळखत नाही, मग तपासणी कशी होणार?" अशी शंका पालक घेतात. तिचे उत्तर सोपे आहे. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून, रेटिनोस्कोप या उपकरणाने डोळ्यावर उजेड टाकून डॉक्टर नंबर काढतात. त्यासाठी मुलाने एक शब्दही बोलण्याची गरज नसते. घर, सफरचंद, चौकोन, वर्तुळ अशा आकृत्यांचे तक्ते असतात. मुलाने हातातील कार्डावरील तशीच आकृती दाखविली की पुरे. त्याहून लहान मुलांसाठी अशी कार्डे असतात, की ज्यांवर मुलाची नजर कोठे वळते एवढेच पाहिले जाते.

घरूनही थोडी तयारी करून न्यावी. आठवडाभर आधीपासून खेळात मुलाचा एक-एक डोळा हाताने झाकावा, बॅटरीच्या उजेडाची सवय करावी, रिकामी चष्म्याची फ्रेम घालून पाहावी. डॉक्टरांना आधीच सांगून गर्दी नसलेली वेळ मागावी. मुलाचे आवडते खेळणे सोबत घ्यावे. एका दिवसात तपासणी पूर्ण झाली नाही तर पुन्हा जावे.

आता जावे कोठे? फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याचे आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. दृष्टिदोष आणि स्वमग्नता हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी असे मूल गोंधळ करते म्हणून त्याला घरी ठेवले जाते. तसे न करता त्यालाच सर्वप्रथम दाखवावे. पुढील तपासणीसाठी जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना असून तेथे दृष्टितपासनीसाचे पदही ठरवून दिलेले आहे. गरज पडल्यास नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

रोवणीच्या दिवसांत लाखांदूर किंवा पवनीकडून भंडाऱ्याला येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, हे खरे आहे. बँकेच्या काउंटरवर अनुदानाचे पैसे काढायला आलेल्या माता हेच सांगतात. म्हणून कामे एकत्र करावीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, अंधत्व आणि क्षीणदृष्टी स्वतंत्रपणे दिलेले आहेत. प्रमाणपत्राच्या खेपेलाच डोळ्यांची तपासणी मागून घ्यावी आणि कायमचा दृष्टिदोष निघाल्यास त्याचीही नोंद करून घ्यावी. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची सोय आहे, तिचीही चौकशी करावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. चष्म्याने स्वमग्नता जात नाही. रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी ती बरी होते असे कोणी सांगितले, तर त्यावर पैसा घालवू नये. परंतु ज्याला जग आधीच गोंधळाचे वाटते, त्याला ते अंधुकही दिसत असेल, तर त्याचा त्रास दुप्पट होतो. त्यातला एक त्रास आपण दूर करू शकतो. आपल्या वस्तीत, नात्यात असे एखादे मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना एवढेच विचारा : "याचे डोळे तपासले का?"