उंदीर आणि त्यांचे शिकारी
(सायंकाळच्या वर्गाकरितां पाठ)



गेल्या सुगींत एका खेड्यांत खळ्यावर बसलों असतां शेजारच्या शेतांतून गलबला ऐकूं आला. जाऊन पाहतों तों कांहीं तरुणांनीं चार हात लांबीची एक धामण काठ्यांनीं ठेचिली होती. तिच्या पोटांत नुकताच गिळलेला उंदीर होता. शेताचा म्हातारा धनी खिन्न होऊन म्हणाला, “पोरांनो, माझी राखणदारीण मारलीत.” तेव्हां एक तरुण म्हणाला, “आजोबा, ती राखण करीत होती, तर बांधाला इतकीं बिळें कशीं?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आज आपण शोधूं.

१. उंदराचें बळ. उंदराचें बळ त्याच्या दांतांत नसून त्याच्या विणीत आहे. मादी सुमारें तीन आठवड्यांत विते. एका वेतांत बहुधा पांच ते दहा पिलें होतात. आणि तीं पिलें थोड्याच महिन्यांत स्वतः विऊं लागतात. उभ्या पिकांत खाणें मुबलक मिळालें म्हणजे वेतामागून वेत होतें. कित्येक उंदीर तर कणसें तोडून बिळांत कोठारें भरतात.

२. शिकाऱ्यांचे पहारे. दिवसां कापशी पक्षी आकाशांत एकाच जागीं पंख हालवीत राहून खालीं झडप घालतो. मुंगूस बांध धुंडाळतें. धामण बिळांत शिरून पिलेंहि खाते. रात्रीं कोल्हा व रानमांजर हिंडतात, आणि गव्हाणी घुबड काळोखांत केवळ कानाच्या आधारें उंदीर धरितें. तें उंदीर सगळाच गिळितें व हाडें आणि केस यांची गोळी करून ओकून टाकितें. पडक्या वाड्याखालीं अशी वाळलेली गोळी सांपडल्यास ती काठीनें फोडून मुलांस दाखवावी. आंतील कवट्या पाहिल्यावर घुबडाला अपशकुनी म्हणण्याचें धैर्य कोणास होणार नाहीं.

शिकारी फिरत असला म्हणजे उंदीर उघड्यावर जाण्यास भितात व झुडपांच्या आडोशानेंच चरतात. म्हणून जेथें गवत माजलें आहे, तेथें शिकाऱ्याचे डोळे आपणच झांकिले असें समजावें.

३. मग उंदीर संपत कां नाहींत? समजा, एका शिवारांत सर्व शिकारी मिळून महिन्याला साठ उंदीर खातात. तेथें महिन्याला पन्नास पिलें जन्मत असतील, तर उंदरांची वस्ती वाढणार नाहीं. परंतु तींच तीनशें जन्मूं लागलीं, तर साठांनीं काय होणार? अन्न वाढलें म्हणजे घुबडेंहि अधिक अंडीं घालतात खरीं, पण तीं मागाहून. तोंवर पीक गेलेलें असतें. तात्पर्य, उंदीर थोडे असतां शिकारी त्यांस थोडे ठेवितात. लोंढा आल्यावर तो अडविणें त्यांच्या हातीं नसतें. राखणदार चोरांस आवरितो, सैन्यास नव्हे.

४. जमेकाची गोष्ट. १८७२ सालीं जमेका बेटांतील एका मळेवाल्यानें उंसाचे उंदीर मारण्यासाठीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें नेलीं. प्रथम उंदीर घटले व सर्वांस आनंद झाला. परंतु मुंगूस दिवसां हिंडणारें, उंदीर रात्रीं फिरणारा. मुंगसें वाढलीं, आणि जमिनीवरचे पक्षी, सरडे व कोंबड्या खाऊं लागलीं. वीस वर्षांच्या आंतच लोक त्यांस पीडा म्हणूं लागले. एकट्या परक्या शिकाऱ्यानें काम होत नाहीं. आपल्या शिवारांत मात्र दिवसाचे व रात्रीचे पहारेकरी मूळचेच आहेत. ते राखले म्हणजे झालें.

५. आपण काय करावें? सुगी आटोपल्यावर, पावसापूर्वीं, उंदीर थोडे असतां सर्व गांवानें एकाच वेळीं बिळें खणावीं. एकट्यानें खणल्यास शेजारच्या शेतांतून उंदीर पुनः येतात. बांध अरुंद व स्वच्छ ठेवावे. पक्ष्यांस बसण्यासाठीं शेतांत आडव्या काठीचे उंच खांब रोवावे. इस्राएल देशांत तर शेतकरी १९८० च्या दशकापासून गव्हाणी घुबडांसाठीं शेतांत पेट्या उभारीत आले आहेत. विषाविषयीं फार जपावें. रक्त गोठूं न देणारें विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. तो घुबडानें खाल्ला तर घुबडहि मरूं शकतें, आणि मग पुढल्या वर्षीं रात्रीचा पहारा कोण करील?

धामण बिनविषारी आहे, व १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तिला संरक्षण आहे. नाग व घोणस यांपासून मात्र दूरच राहावें. दंश झाल्यास क्षणहि न दवडतां इस्पितळ गांठावें.

त्या तरुणाला उत्तर एवढेंच कीं, धामण असतांहि बिळें होतीं, कारण बांध साफ करण्याचें आपलें काम आपण केलें नव्हतें. आणि आतां धामणहि नाहीं.

वर्गास विचारण्याचे प्रश्न
१. शिकारी उंदरांस केव्हां आवरूं शकतात व केव्हां नाहीं?
२. जमेकांत मुंगसाचें काम कां फसलें?
३. आपल्या शिवारांत दिवसां व रात्रीं कोणते शिकारी दिसतात? या आठवड्यांत पाहून येऊन सांगा.